व्यायामाचा रकाना

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या सगळ्यांना सात दिवस एक वही लिहायला लावली होती. वहीच्या पानावर उभे पाच रकाने होते. काय खाल्लं, किती झोपलो, किती वेळ बसून काम केलं, किती वेळ उभं राहून काम केलं, आणि शेवटचा रकाना व्यायामाचा. पहिले चार रकाने मी बारीक अक्षरात भरून काढले. पाचव्यात सातही दिवस एकच शब्द लिहिला, 'नाही'. त्यात लबाडी नव्हती. उलट लिहिताना मला लाजच वाटली होती. तरी त्या एका शब्दापायी माझं कॉलेज सुटायची वेळ आली. ते कसं, हे सांगायचं आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आमचं घर गडमुडशिंगीत. शेती, दोन म्हशी आणि विहिरीवर मोट. मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला मी पहिलाच. खरं म्हणजे मॅट्रिकपर्यंत गेलेलाही मी पहिलाच. ती वर्षं मी कुरुंदवाडला मामाकडे काढली. तिथं शाळा इतकी जवळ होती, की पहिली घंटा ऐकून हात धुतला तरी दुसऱ्या घंटेला वर्गात बसता यायचं. कॉलेज मात्र कोल्हापुरात. तिथं गावोगावच्या मुलांसाठी बोर्डिंगं होती, पण बोर्डिंगात जागा हवी असेल तर आधी अर्ज करावा लागतो, हे आमच्या घरात कुणाला माहीत असणार? वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबा आणि मी चौकशीला गेलो तेव्हा जागा भरून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी लवकर या, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "पाच मैल तर हाय. पाय हाईत की."

पाय होते. घरात सायकलही होती, पण ती दुधाची. थोरला भाऊ पहाटेच तिला दोन्ही बाजूंनी किटल्या लावून निघून जायचा. एस.टी.ची एक गाडी होती, ती कॉलेज सुरू झाल्यावर कोल्हापुरात पोचायची. म्हणून मी आठाच्या सुमाराला घरातून निघायचो. उचगाववरून रस्ता होता. पुढे रेल्वेचं फाटक, आणि तिथून गावात. मैलाचे दगड मोजून मी हिशोब काढला होता, सव्वापाच मैल. चपला पायात नव्हे, हातात. आमच्याकडची चप्पल वजनाला दणकट आणि मामांनी मॅट्रिक झाल्याबद्दल घेऊन दिलेली. ती खडीवर झिजवायची कशी? फाटकाजवळ नळ होता. तिथं पाय धुवायचे, चपला घालायच्या आणि करकर वाजवत कॉलेजात शिरायचं.

वाटेत कंटाळा येऊ नये म्हणून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे, असा मी नेम केला होता. मात्र उचगावच्या पुढे माळव्याच्या, म्हणजे भाजीच्या, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका भेटायच्या आणि नेम मोडायचा. त्या चालायच्या भराभर, मी मागे पडायचो. त्यांतली एक मावशी होती, तिच्या पाटीत नेहमी मेथी. ती मान न वळवता म्हणायची, "अवो कालिज, मागं का ऱ्हायला? मेथी सुकंल म्हनून आमी पळतोय, तुमचं काय सुकतंय?"

माझं काय सुकत होतं ते पुढे कळलं.

जूनमध्ये कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा जिमखान्याच्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. माझं एकशे आठ पौंड भरलं. पौंड म्हणजे किती हे घरी कुणाला सांगता येईना, म्हणून तो विषय तिथंच राहिला. दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ सुरू झालं. एक दिवस मी रस प्यायला गेलो होतो. गूळ तोलायचा काटा टांगलेला होताच. भट्टीवरच्या माणसांनी गंमत म्हणून मला एका पारड्यात बसवलं आणि दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, ठेवायला लागले. एक रवा ठेवला, काटा हलला नाही. दुसरा ठेवला तर मी पारड्यासकट वर गेलो. मग त्यांनी एक रवा अर्धा फोडून ठेवला आणि काटा सरळ झाला. गुळव्या म्हणाला, "दीड रवा. वर आवळाभरबी न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. गावात तीन-चार दिवस मला 'दीड रवा' म्हणत होते.

आबा मात्र हसले नव्हते. त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या मनगटाला स्वतःच्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं वेढा घातला. बोटं एकमेकांवर चढली. ते आईला म्हणाले, की कुरुंदवाडास्नं आला तवा ह्यो असा नव्हता. आई म्हणाली, की मी तर रोज वाढते, हाच नको म्हणतो. ते खरं होतं. सकाळी दीड भाकरी, दुपारसाठी फडक्यात दोन, संध्याकाळी परत दोन. तिसरी भाकरी आली की मी ताटावर हात आडवा धरायचो आणि पोट भरलं म्हणायचो. पोट भरलेलं नसायचं. का नको म्हणत होतो, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"कालिज अंगाला लागंना," आबा म्हणाले. "संक्रांतीपतोर बघतो. असाच ऱ्हायलास तर नाव काढायचं आन् मोटंवर यायचं. शिकलेलं पोरगं पायजे मला, वाळलेलं नगं."

आबांचं बोलणं कठोर वाटेल, पण तसं नव्हतं. आमच्या गावात शिकायला गेलेला आणि खंगून परत आलेला एक मुलगा त्यांनी पाहिला होता. त्याच्या बापाला त्यांनी खांदा दिला होता, आणि त्याआधी त्या मुलालाही.

मला कॉलेज सोडायचं नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहिल्यापासून तर नव्हतंच. पण आबांना 'मला शिकायचं आहे' असं तोंडावर सांगायचं, हे मला जमलं नसतं. मी मान खाली घालून हो म्हणालो.

डिसेंबरात ती वही आली. प्राध्यापक तरुण होते, चष्मा लावायचे आणि आम्हा मुलांना 'तुम्ही' म्हणायचे. मला पहिले दोन महिने ते मागच्या बाकावरच्या कुणाशी बोलतात असंच वाटे. त्यांनी फळ्यावर शेगडी काढली. माणूस ही शेगडी, अन्न हे सरपण. सरपणातून किती उष्णता निघते ती कॅलरीत मोजतात, आणि ती कशी खर्च होते तेही मोजता येतं. झोपलेला माणूस थोडी खर्च करतो, बसलेला जरा जास्त, व्यायाम करणारा भरपूर. जमा जास्त तर वजन वाढतं, खर्च जास्त तर उतरतं. कॅलरी हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. मला तो फार आवडला. उचगावच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मी तोच म्हणत गेलो.

वही भरायला बसलो आणि पाचव्या रकान्याशी अडलो.

आमच्याकडे व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर तांबडी माती येते. लंगोट, तेल, जोर, बैठका, गळ्याचा घाम आणि वस्तादांची शिवी. कुरुंदवाडला मी रोज तालमीत जात असे. कॉलेज सुरू झाल्यावर ते सुटलं. आमच्या गावचे वस्ताद तालमीच्या दाराशी दगडावर बसलेले असत. रोज सकाळी त्यांच्यासमोरून जावं लागे. आज तरी मातीत उतरणार का, असं ते विचारत, आणि मी प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगे. एकदा म्हणाले, "आमच्या मातीपेक्षा तुझं प्राटिकल अवघाड दिसतंय गड्या. आंगावर मासच ठेवंना." कोल्हापूरच्या पोरानं तालीम सोडली म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावणं कठीण आहे. त्यामुळे 'व्यायाम: नाही' हे लिहिताना मला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

नाही म्हणायला, प्राध्यापकांनी फळ्यावर व्यायामाची जी यादी लिहिली होती तिच्यात कुस्ती, पोहणं, क्रिकेट यांच्याखाली 'फिरायला जाणं' असंही होतं. त्यावर मी विचार केला. एकदा प्रॅक्टिकल लवकर सुटलं तेव्हा मी रंकाळ्याकडे गेलो होतो. तिथं वकील आणि पेन्शनर मंडळी कॅनव्हासचे बूट घालून, हातात काठी घेऊन चाललेली असत. ती कुठंच जात नव्हती. जिथून निघायची तिथंच परत यायची. तो व्यायाम असू शकेल, हे मला पटलं, कारण त्याचा दुसरा काही उपयोग दिसत नव्हता. मी तर कॉलेजला जात होतो. जाण्याला व्यायाम म्हणायचं तर आमच्या मेथीवाल्या मावशीला काय म्हणायचं?

तरी शंका नको म्हणून विचारावं, असं ठरवून मी एकदा प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो. आत दोघे-तिघे चहा पीत बसले होते. मी दाराशी जरा उभा राहिलो, चपला करकरल्या, आणि परत आलो. मग लिहून टाकलं, 'नाही'.

वह्या तपासून झाल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. काट्यावर उभं केलं. सत्त्याण्णव. त्यांनी जूनचा आकडा काढला, माझी वही उघडली, एका कागदावर बेरजा केल्या. या खाण्यात बसून राहणाऱ्या मुलाचं भागायला हवं, असं ते म्हणाले. वजन थोडं वाढलंही असतं तर नवल नव्हतं. मग त्यांनी वही मिटली. संध्याकाळी अंग गरम लागतं का, खोकला येतो का, घरात कुणाला छातीचा आजार होता का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणालो. "तरी छातीचा फोटो काढून घ्या," ते म्हणाले. "घाबरू नका. शंका नको म्हणून."

क्षय हा शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि मीही नाही. पण फाटकापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. फोटोत काही निघालं तर आबा संक्रांतीपर्यंतही थांबणार नव्हते. घरी मी काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मी स्वतःचा खोकला ऐकत हिंडत होतो. येत नव्हता, म्हणून मुद्दाम खोकून पाहायचो, आणि मग आला म्हणून घाबरायचो.

फोटोची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. मधल्या दिवसांत मी एक उपाय शोधून काढला. वहीत एकच दोष होता, व्यायाम नाही. तो भरून काढला तर अंग धरेल. म्हणून मी गोठ्यामागे रोज सकाळी पन्नास बैठका सुरू केल्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची नोंदही ठेवली. बैठका मारून आंघोळ, दीड भाकरी, आणि मग सव्वापाच मैल. मेथीवाली मावशी आता इतकी पुढे जायची, की तिचे टोमणेही ऐकू येत नव्हते. दहा दिवसांनी काट्यावर उभा राहिलो तर पंच्याण्णव.

फोटो मात्र स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, की ही छाती बैलाची आहे, हिला काही झालेलं नाही. मला इतकं हलकं वाटलं, की त्या क्षणी परत वजन केलं असतं तर काटा हललाच नसता. पण प्राध्यापकांचं कोडं सुटलं नव्हतं. वडिलांना घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

आबांना मी एवढंच म्हणालो, की सरांनी भेटायला बोलावलंय. संक्रांत चार दिवसांवर आली होती. आबांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "येतो की," ते म्हणाले. "परवा गूळ घालायला जायचंच हाय. जाता जाता नाव बी काढून आनू."

परवा उजाडला. मी नेहमीसारखा चालत गेलो, आबा पहाटेच गाडी घेऊन गेले होते. दुपारी गूळ उतरवून, रिकामी गाडी कॉलेजच्या भिंतीशी सोडून ते आत आले. डोक्याला पटका, धोतराला गुळाचे डाग. प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत बेडूक आणि साप ठेवलेले होते. आबांनी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. प्राध्यापकांनी त्यांना खुर्ची दिली. आबा स्टुलावर बसले.

प्राध्यापकांनी सगळी हकीकत सांगितली. सहा महिन्यांत तेरा पौंड कमी झाले, वहीप्रमाणे तसं व्हायचं कारण दिसत नाही, म्हणून छातीचा फोटो काढून घेतला, तो साफ आहे.

"कुनाच्या छातीचा?" आबांनी विचारलं.

"यांच्या."

आबा माझ्याकडे वळले. "कवा?"

"गेल्या आठवड्यात," मी म्हणालो.

"येकलाच गेलतास?"

"व्हय."

त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग प्राध्यापकांना म्हणाले, की मास्तर, आजार न्हाई म्हंता तर ह्यो वाळतोय कशानं? काम तर ह्याला एक सांगत न्हाई आमी. सकाळी आठाला भाईर पडतोय ते दिवं लागायला घरात येतोय. दिसभर बसूनच असतोय की.

"घरात येतोय म्हणजे?" प्राध्यापक म्हणाले. "कुठल्या घरात? हे बोर्डिंगात राहत नाहीत?"

"मुडशिंगीत ऱ्हातोय आमी."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. मला विचारलं, "तुम्ही येता कशानं?"

"चालत, सर."

"किती अंतर आहे?"

"सव्वापाच मैल."

"आणि जाताना?"

मला वाटलं, ते माझं गणित पाहताहेत. "जातानाही सव्वापाच, सर."

ते हसले नाहीत. त्यांनी माझी वही उघडली आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग हे इथं का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, की तो व्यायाम नाही, ते नुसतं येणं आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आबांनी माझी बाजू घेतली. "बराबर हाय त्याचं," ते म्हणाले. "चालन्याला यायाम म्हनाय लागलं मास्तर, तर आमची म्हस कवाच गदा घिऊन आली असती."

यावर प्राध्यापकांनाही हसू आवरलं नाही. पण ते उठले आणि फळा पुसला. आकडे काढण्याऐवजी त्यांनी भाकरी काढली. एक मोठा गोल, त्याच्याशेजारी दुसरा. आबांना समजावं म्हणून त्यांनी सगळा हिशोब भाकरीत मांडला. म्हैस चालते तेव्हा तिलाही खर्च येतोच, ते म्हणाले. ती गदा मागत नाही, वैरण मागते. हे घरातून दीड भाकरी खाऊन निघतात. कॉलेजच्या फाटकात पाय ठेवतात तेव्हा त्यातली एक वाटेतच संपलेली असते. परत जाताना दुसरी. त्यांनी दोन्ही गोलांवर फुली मारली. उरलेल्या साडेतीन भाकऱ्यांवर या मुलानं दिवसभर जगायचं, शिकायचं आणि वर या वयात वाढायचं. आणि आता, त्यांनी वहीचं शेवटचं पान पाहिलं, यांनी पन्नास बैठकाही सुरू केल्यात.

"म्हंजे आजारी न्हाई," आबा म्हणाले.

"नाही."

"मग काय झालंय ह्याला?"

"भूक लागली आहे," प्राध्यापक म्हणाले.

आबांचा चेहरा बदलला. आमच्या घरात कुणी उपाशी राहतं, हे एका परक्या माणसाकडून ऐकणं त्यांना सहन होणारं नव्हतं. ते उठून उभे राहिले. घरात जोंधळ्याची पोती हायती, ते म्हणाले, दूध हाय, आताच गाडीभर गूळ घालून आलोय. ह्याची आई तिसरी भाकरी हातात घिऊन बसती रोज. ह्योच ताटावर हात धरतोय. मग त्यांनी मलाच विचारलं, "का रं? आं? का धरतोस?"

बरण्यांतले बेडूकसुद्धा ऐकताहेत असं मला वाटलं. मला उत्तर येत होतं, पण मी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

"आबा, तुम्ही दिसभर मोट हाकता," मी म्हणालो. "दादा पहाटेपासून राबतो. मी नुसता बसून असतो. बसणाऱ्यानं तुमच्याएवढं कसं खायचं?"

प्राध्यापक खिडकीकडे वळून चष्मा पुसू लागले. आबा फळ्यावरच्या दोन फुली मारलेल्या भाकऱ्यांकडे बघत उभे होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तो फळा त्यांना वाचता आला होता. शेवटी त्यांनी पटका उचलला आणि डोक्याला गुंडाळला. जाताना प्राध्यापकांनी सांगितलं, की बोर्डिंगचा अर्ज पुढच्या वर्षी मी स्वतः वेळेवर भरून घेईन, तोवर यांना पोटभर खाऊ घाला आणि बैठका बंद करा. आबा म्हणाले, "बैठका ऱ्हाऊद्या की मास्तर. भाकरी वाढिवतो."

मला वाटत होतं, की आता ते कचेरी कुठं आहे असं विचारतील. व्हरांड्यातून चालताना 'कार्यालय' अशी पाटी आली. मी पाटी मोठ्यानं वाचली नाही आणि त्यांनी ती वाचून दाखवायला सांगितली नाही. बाहेर येऊन त्यांनी बैल जुंपले आणि मला म्हणाले, बस.

गाडीत गुळाचा वास होता आणि पोत्यांच्या खाली दोन-चार खडे राहिले होते. मी ते खाल्ले. फाटक गेलं, उचगाव आलं. आबा कासरा धरून पुढे बघत होते. शेवटी मला राहवेना. आयुष्यात मी त्यांना थेट विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न.

"आबा, संक्रांतीला नाव काढायचं का?"

"संक्रांतीला पोळ्या करायच्या असत्यात," आबा म्हणाले. मग बैलांना सांगितल्यासारखं म्हणाले, "फोटूला जायचं तर सांगायचं. मी आलो असतो."

मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढे होती. आबांनी तिला काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. फोटोचं सांगितलं नाही. आम्ही जेवायला बसलो. दोन भाकरी झाल्या. आईनं तिसरी पुढे केली आणि सवयीनं माझा हात ताटावर गेला. आबांनी जेवता जेवता वर न बघता तो हात बाजूला केला.

"वाढ त्याला," ते आईला म्हणाले. "साडेधा मैल चालून आलाय त्यो."

आईनं वाढली. वर वाडगाभर दूध ओतलं. मी भाकरी कुस्करायला घेतली, पण मला ते खटकत होतं. हिशोब चुकत होता, आणि चुकीच्या हिशोबावर जेवण्याची मला धास्तीच बसली होती.

"आबा," मी म्हणालो, "आज येताना मी गाडीतनं आलोय. सव्वापाचच झालं."

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"गप खा," ते म्हणाले.

मी खाल्ली. मग चौथीही खाल्ली.